पंतांचं रक्त, मावशीचं सलाईन आणि तीन फूट साखळी

खरं तर ही सगळी कामं गुरुवारी उरकायची होती. मुद्दाम सुट्टी टाकली होती, सकाळी नऊला यादी घेऊन बाहेर पडले, तर हार्नेसवाल्याच्या (घोड्यांचे पट्टे-लगाम शिवणारा) दाराला कुलूप, किराणावाल्याकडे आडवी साखळी, हार्डवेअरच्या दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि रस्त्यावर मात्र बग्ग्याच बग्ग्या, सगळे धुतलेले कपडे घालून कुठेतरी निघालेले, एका शेतात तर वीसपंचवीस पोरंपोरी व्हॉलीबॉल खेळत होती. चिठ्ठी वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. असेन्शन डे! ईस्टर धरून चाळिसावा दिवस, येशू स्वर्गात गेला तो, दरवर्षी गुरुवारीच येतो. बाकीच्या अमेरिकेला याचा पत्ताही नसतो पण आमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत अमिश आणि जुन्या वळणाचे मेनोनाइट, म्हणजे मोटारीऐवजी घोड्याच्या बग्गीतून फिरणारे ख्रिस्ती पंथांचे लोक, ही सुट्टी कडक पाळतात. ईस्टरचा सोमवार बंद, व्हिट मंडे (त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा सोमवार) बंद, २६ डिसेंबर बंद. आठ वर्षं झाली इथे राहून आणि मी दर मे महिन्यात नेमाने त्याच कुलपासमोर जाऊन उभी राहते. नवरा म्हणतो फ्रिजवर कालनिर्णय लावतेस तसं यांचंही एक लाव.

तर मग सगळं शुक्रवारवर आलं. शुक्रवारी आधीच पंतांची डॉक्टरकडे अपॉइंटमेंट होती आणि मॅनेजरकडून दुसरी सुट्टी मागून घेताना "माझ्या कुत्र्याच्या हार्नेसचं काम आहे" असं काही सांगता येत नाही, त्यामुळे फॅमिली मॅटर म्हणाले. खोटं नाही ते.

फॅमिली सांगते. पंत म्हणजे आमचा बीगल आणि अजून कशाकशाचं मिश्रण असलेला कुत्रा, वय साधारण सहा, रेस्क्यूमधून आणलेला. मावशी म्हणजे मांजर, वय पंधरा, वाघाची मावशी म्हणून मावशी. आणि सात कोंबड्या, त्यांना नावं ठेवलेली नाहीत कारण कोल्हा एकदा दोन घेऊन गेला तेव्हापासून ठेवायची हिंमत नाही झाली. आम्ही राहतो एफ्राटाच्या पूर्वेला, आजूबाजूला मका, लसूणघास आणि तंबाखू. मूळची मी कराडजवळची, घरी गोठा होता, त्यामुळे शेणाच्या वासाने इथे आलेले पाहुणे नाक दाबतात तेव्हा मला उगाच त्यांचा राग येतो.

आठला क्लिनिक. तिथली रिसेप्शनवरची मुलगी पंतला "पँट" म्हणते. सुरुवातीला सुधारायचा प्रयत्न केला, आता तोही पँटला ओ देतो. रेबीजचा बूस्टर ड्यू होता, पेन्सिल्व्हेनियात कुत्रा आणि मांजर दोघांनाही ही लस कायद्याने लागते, पहिली एक वर्षाची आणि मग वेळेवर बूस्टर दिला की तीन वर्षांची. सोबत दरवर्षीची रक्ततपासणी, ज्यात हार्टवर्म म्हणजे हृदयातले जंत आणि गोचिडीमुळे होणारे आजार एकदमच कळतात, तीन थेंब रक्त आणि आठ मिनिटं, प्रेग्नन्सी टेस्टसारखी छोटी पट्टी असते, ठिपके उमटतात.

ठिपका उमटला. लाइमचा.

आता इथे राहणाऱ्यांना माहिती आहे, लाइम म्हणजे आमच्याकडचं घरोघरचं दुखणं, गोचीड चावल्याने होणारं, काळ्या पायांची छोटी गोचीड असते, हरणं आणि उंदरांवर वाढते, तिळाएवढी, अंगावर चढली तरी कळत नाही. आमच्या ओळखीत तीन माणसांना होऊन गेलाय. पण कुत्र्याच्या पट्टीवर तो निळा ठिपका बघितला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मागच्या महिन्यात त्याच्या कानामागून मीच एक गोचीड चिमट्याने काढली होती आणि त्याच्या आधीच्या महिन्यात गोचिडीची गोळी द्यायला मी दहा दिवस उशीर केला होता, हे डॉक्टरांना सांगावं की नाही याचा विचार करत बसले. सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं, ते जास्त लागलं.

पण मग त्यांनी शांतपणे समजावलं ते लिहून ठेवते, कारण मी रात्री गुगल करून रडले असते. ठिपका म्हणजे आजार नाही, अँटिबॉडी आहेत, म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली एवढंच. असे बरेचसे कुत्रे कधीच आजारी पडत नाहीत. लंगडतोय का, ताप आहे का, जेवण सोडलंय का, नाही ना, मग लगेच अँटिबायोटिक नको. पण एक बघायलाच हवं, लघवीतून प्रोटीन जातंय का, कारण थोड्या कुत्र्यांमध्ये लाइम किडनीवर उतरतो आणि ते वाईट. "आज सॅम्पल देऊ शकाल?"

पंतांनी आत येताना पार्किंगमधल्या प्रत्येक झुडपाला भेट दिलेली होती, टाकी रिकामी. दुपारपर्यंत आणून देते म्हणाले, मावशीचं सामान घेतलं, म्हणजे सलाईनची एक लिटरची बॅग, सुयांची डबी, आणि किडनीचा त्रास असलेल्या मांजरांचं ते महागडं कमी फॉस्फरसचं खाणं, बिल भरलं आणि निघाले. बिल सांगत नाही. आई हे वाचते.

हार्नेसवाला न्यू हॉलंडच्या पुढे आहे. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण मला ती कळायला दोन वर्षं लागली. आमच्या घराजवळ, हिंकलटाउन-मार्टिनडेलकडे ज्या बग्ग्या दिसतात त्या काळ्या, त्या मेनोनाइटांच्या, आणि दक्षिणेला गेलं की राखाडी सुरू होतात, त्या अमिशांच्या. मेनोनाइट सायकल चालवतात, ट्रॅक्टरही वापरतात पण लोखंडी चाकांचा. इथले अमिश सायकल चालवत नाहीत, एका पायाने ढकलायची मोठ्या चाकांची स्कूटर असते त्यांच्याकडे, आणि शेतात खेचरं. दोघंही घरात जर्मनसारखी पेन्सिल्व्हेनिया डच बोलतात, दोघांच्या बायका डोक्यावर टोपी घालतात, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस दोघांना सरसकट अमिश म्हणून मोकळा होतो. मीही व्हायचे. एकदा एका मेनोनाइट बाईला "तुम्ही अमिश लोक" असं म्हणून गेले होते, ती हसली, पण कराडच्या माणसाला सातारचा म्हटलं की कसं हसतो तसं.

रस्त्यात शेतातलं दृश्य बघण्यासारखं होतं. लसूणघासाची पहिली कापणी चाललेली, पुढे चार खेचरं, मागे गवताचे गठ्ठे बांधायचं मशीन, आणि मशीनवर स्वतःचं इंजिन धडधडतंय. म्हणजे मशीन पेट्रोलवर चालतंय पण ओढायला खेचर. नवीन असताना मी याला ढोंग म्हणायचे. आता म्हणत नाही, म्हणजे पटलंय असंही नाही, पण त्यांचा हिशोब "यंत्र वाईट" असा नाहीच, कुठलं यंत्र आपल्याला घरापासून लांब नेईल आणि कुठलं नाही असा काहीतरी आहे, आणि तो प्रत्येक चर्चची मंडळी बसून ठरवतात. आमच्याकडे फोन कुणी घ्यायचा हे कुणी बसून ठरवलं होतं?

दुकान म्हणजे गोठ्याला लागून एक लांब शेड. आत दिवे नाहीत, छतात पारदर्शक पत्रे, भिंतीवर पट्टे, लगाम, घुंगरांच्या माळा, आणि चामडं अधिक तेल असा वास, जो मला फार आवडतो. बाहेर डिझेल इंजिन चालू असतं, त्याच्यावर हवेचा कॉम्प्रेसर, आणि आतली शिलाई मशीनं त्या दाबलेल्या हवेवर चालतात, फुस्स-टक फुस्स-टक असा आवाज. पंतच्या हार्नेसचं प्लॅस्टिक बकल तिसऱ्यांदा तुटलं होतं, ऑनलाइन मागवलेले सगळे हार्नेस त्याने ससा बघितला की एका झटक्यात निकाली काढलेले, म्हणून म्हटलं घोडा आवरणाऱ्याकडेच जावं.

दुकानदार तिशीतला असेल, दाढी होती म्हणजे लग्न झालेलं, मिशी नाही, ती ते ठेवत नाहीत. त्याने तुटलेला हार्नेस दोन बोटांत धरून असा बघितला जसं आपण भाजीवाल्याकडची सडकी भेंडी बघतो. प्लॅस्टिकच्या बकलवर बोट ठेवून म्हणाला, हे खेळण्याचं आहे. मग पंतच्या छातीला टेप लावला, मानेला लावला, मागून दुसऱ्याला काहीतरी ओरडून सांगितलं, त्यातला फक्त "हुंड" म्हणजे कुत्रा एवढा शब्द कळला. मटेरियल बायोथेन, म्हणजे आत पॉलिएस्टरची पट्टी आणि वरून प्लॅस्टिकचा थर, चामड्यासारखं दिसतं पण पावसात कुजत नाही, पुसलं की साफ. मला वाटलं हे शहरातल्या कुत्रेवाल्यांसाठी ठेवलं असेल तर नाही, त्यांचे स्वतःचे घोडेही आता बरेचसे याच पट्ट्यांमध्ये जुंपलेले असतात. पितळेची बकलं. तासाभराने या म्हणाला.

तासभर कुठे जाणार कुत्रा घेऊन, बाहेर झाडाखाली बसले. तिथे एक बग्गीचा घोडा बांधलेला, उंच, सडपातळ, तपकिरी. हे घोडे बहुतेक स्टँडर्डब्रेड असतात, शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले, तिथे वेग कमी पडला की लिलावात येतात आणि मग उरलेलं आयुष्य डांबरी रस्त्यावर किराणा आणायला. पंत आणि तो घोडा एकमेकांकडे बघत बसले. पंत भुंकला नाही हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

तासाने हार्नेस हातात. बावीस डॉलर. कॅश. बकल असं बसलं होतं की मीच चालत्या बग्गीला जुंपली गेले असते तरी तुटलं नसतं. "ससा बघितला तर?" विचारलं, तो म्हणाला, मग तुम्ही पडाल, पट्टा नाही तुटणार.

येताना त्याच रस्त्यावर दोन ठिकाणी "पपीज फॉर सेल" पाट्या लागतात. इथून जाताना पंतच्या पाठीवर माझा हात आपोआप जातो. आमचा भाग सुंदर आहे, माणसं चांगली आहेत, आणि याच भागाचं नाव कुत्र्यांची पैदास करणाऱ्या केनेलांसाठी बदनामही आहे, दोन्ही खरं आहे. २००८ साली राज्याने कायदा कडक केला, मोठ्या धंदेवाईक केनेलांमध्ये पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी जाळीची जमीन बंद झाली वगैरे. पंत कुठून आला ते रेस्क्यूवाल्यांनाही माहीत नव्हतं, पण घरी आणलं तेव्हा पहिल्यांदा गवतावर सोडलं तर एक पाय वर धरून उभाच राहिला, हे काय आहे बाबा असं. तेवढं मला पुरेसं आहे. त्या पाट्यांकडे मी बघत नाही. ज्याच्याकडून पट्टा घेतला त्याच्या शेजारचीच पाटी असेल, आणि मी दोघांना एकाच तोंडाने काय म्हणू, कळत नाही.

घरी पोचले पावणेबाराला. आता सॅम्पल. डॉक्टरांनी दिलेली डबी लहान आणि पंत खाली बसत नाहीत, पाय वर करतात, नेम कुठेही. शेवटी आमटीची जुनी पळी काढली, लांब दांड्याची, जिचा कडेचा भाग वाकलाय म्हणून बाजूला ठेवलेली. परसात त्याच्या मागे पळी घेऊन मी, कोंबड्या कुंपणाशी ओळीने उभ्या राहून बघतायत, आणि पंतला पळी दिसली की तो थांबतो आणि आशेने माझ्याकडे बघतो कारण पळीतून त्याला नेहमी वरण मिळतं. चौथ्या प्रयत्नात जमलं. पळी नंतर टाकून दिली हो.

आणि मग मावशीचं सामान लावायला पिशवी उघडली तर बॅग आहे, सुया आहेत, मधली नळीच नाही. म्हणजे सलाईन बॅगेत आणि मांजर टेबलावर आणि मध्ये काही नाही. जुनी नळी कालच फेकली होती. फोन केला तर मशीन बोललं, लंच, दीड वाजता उघडू. मी काय चिडले म्हणून सांगू. सॅम्पल द्यायला जायचंच होतं म्हणून वाचले, नाहीतर बारा मैल फुकट.

मधला वेळ फीड मिलमध्ये घालवला, पंतला घरी ठेवून, कारण मे महिन्यात गाडीत कुत्रा ठेवून दुकानात जाणं म्हणजे गुन्हाच. लेयर फीड म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, ५० पौंडाचं पोतं, १६ टक्के प्रोटीन, आणि शिंपल्यांचा चुरा, नाहीतर अंड्याची कवचं पातळ होतात. पोतं उचलून डिकीत टाकणारा मुलगा पंधरासोळाचा असेल, एका खांद्यावर दोन पोती. मी मदत करते म्हणाले तर त्याला हसू आवरेना.

दीडला क्लिनिक, डबी दिली, नळी घेतली, सॉरी म्हणाल्या, चालायचंच.

मग अमिश किराणा, इथे याला बल्क फूड म्हणतात. आईला फोनवर समजावताना मी सांगते की आपल्याकडचं वाण्याचं दुकान घे, पोती काढून टाक, सगळं पारदर्शक पिशव्यांमध्ये भर, वर वजन आणि किंमत एवढीच पांढरी चिठ्ठी. ओट्स, राय, दहा प्रकारची पिठं, खसखस, दालचिनी, लवंग, मोहरी. आणि साबुदाणा! स्मॉल पर्ल टॅपिओका म्हणून, ते लोक त्याचं दुधातलं पुडिंग करतात. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी रांगेतच नवऱ्याला फोन करून ओरडले होते. आपल्या साबुदाण्याइतकाच भिजवला तर त्याचा गोळा होतो, पाणी बेतानेच घालायचं, अगदी दाण्यांच्या बरोबरीनेसुद्धा नको, त्याच्या किंचित खाली, आणि रात्रभर न ठेवता तीनेक तास. तीन एकादश्या वाया घालवून शिकलेय. मागच्या भिंतीला पोचे पडलेल्या डब्यांचं शेल्फ असतं, निम्म्या किमतीत टोमॅटो, फक्त फुगलेला डबा घ्यायचा नाही.

काउंटरवरची मुलगी पंधरा वर्षांची वगैरे, छोटं बॅटरीचं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून तोंडीच बेरीज करत होती. यांची शाळा आठवीपर्यंतच, एका खोलीची. त्यावर खटला होऊन १९७२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. त्या मुलीसमोर उभं राहून मला याबद्दल दरवेळी वेगळं वाटतं. बेरीज बरोबर होती, माझ्या फोनवर मी गुपचूप केलेली सुद्धा तेवढीच आली. तिने ते बघितलं बहुतेक.

आता यादीत शेवटचं, हुक. आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसले ते यासाठीच.

मावशीला किडनीचा त्रास आहे, गेले सात महिने एक दिवसाआड तिला कातडीखाली १०० मिली सलाईन द्यावं लागतं, घरीच. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला जमणारच नाही म्हणाले होते, आता जमतं. अडचण एकच, बॅग वर धरावी लागते, आणि आमच्याकडे स्टँड म्हणजे नवरा. सात महिने हा माणूस एक दिवसाआड संध्याकाळी हात वर करून स्वयंपाकघरात उभा. दोन मिनिटांनी हात दुखला की बॅग हळूहळू खाली येते, बॅग खाली आली की धार मंदावते, धार मंदावली की मावशीचा संयम संपतो आणि मग मी त्याच्यावर ओरडते. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, अगं एक हुक लाव ना कुठेतरी. सात महिन्यांनी सुचलं आम्हाला, दोघं इंजिनियर.

हार्डवेअरचं दुकान गॉर्डनव्हिलच्या बाजूला. ते इंटरकोर्स नावाचं गाव आहे ना, तिथून पुढे. (हो, हेच नाव आहे. आधी क्रॉस कीज होतं, १८१४ ला बदललं. सासूबाईंना मी सांगितलंय की अमिश गावात जातो, एवढंच.) आत गॅसचे दिवे, लाकडी फळ्या, खिळे वजनावर. काउंटरवर एक आजोबा, पांढरी दाढी छातीपर्यंत, हिरव्या फ्रेमचा चष्मा जो त्यांना अजिबात शोभत नव्हता.

हुक मागितला. "कशाला टांगायचंय?" त्यांनी विचारलं, कारण त्यावर हुक ठरतो. आता या भागात जनावर म्हणजे कामाचं. घोडा ओढतो, गाय दूध देते, मांजर गोठ्यात उंदीर धरते आणि स्वतःचं स्वतः बघते. त्या माणसासमोर पंधरा वर्षांच्या मांजराला सलाईन लावते असं सांगायची मला खरंच लाज वाटली. झाडाची कुंडी म्हणणार होते. पण कुंडीचं वजन विचारलं असतं तर. म्हणून सांगून टाकलं, एक लिटरची बॅग आहे, मांजराला कातडीखाली पाणी द्यायचंय, म्हातारी आहे, किडनी.

हसले नाहीत. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, कातडीखाली ना, शिरेत नाही? नाही म्हटलं. मग जितकं उंच तितकं बरं, शिरेत असेल तर जपून, गाईला कॅल्शियम देताना बाटली उंच धरली तर भराभर जातं आणि हृदय बंद पडतं.

आणि मी तिथे, गॉर्डनव्हिलच्या दुकानात, दहा वर्षांची झाले. आमची जर्सी गाय व्यायली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी बसली ती उठेना, मान वळवून पोटाशी लावलेली, बाबांनी तिचे कान धरून बघितले आणि म्हणाले, कान गार पडलेत, डॉक्टरला बोलवा. डॉक्टर मोटरसायकलवरून आले, मानेच्या शिरेत सुई लावली आणि कॅल्शियमची बाटली माझ्या हातात दिली कारण बाकी सगळे गाईला धरून होते. स्टुलावर उभी केली मला. हात वर नको, खाली पण नको, इथेच, असं म्हणाले. इथेच म्हणजे कुठे, माझा हात थरथरत होता, कुणीतरी खालून कोपर धरलं. बाटली संपली, थोड्या वेळात गाईने मोठी ढेकर दिली, शेण टाकलं आणि उठली. नंतर दिवसभर माझा हात दुखत होता आणि मी तो सगळ्यांना दाखवत हिंडत होते.

हे सगळं मी त्या आजोबांना इंग्लिशमध्ये जसं येईल तसं सांगितलं. इंडियात, लहान असताना, गाय, बाटली मीच धरली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कान गार होते?"

हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला, आणि मागे जाऊन एक हुक, तीन फूट साखळी आणि दोन एस हुक घेऊन आले. हुक दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडात घाला, आधी बारीक भोक पाडा नाहीतर लाकूड फुटेल, साखळी सोडा, एस हुक पाहिजे त्या कडीत अडकवा, मग उंची कमीजास्त करता येते. चार डॉलर आणि काही सेंट. पावती हाताने लिहिली, त्यावर "कॅट" असं लिहिलं होतं, वस्तूच्या जागी.

बाहेर पडले तर फोन वाजला, क्लिनिक. पंतच्या लघवीत प्रोटीन नाही. सहा महिन्यांनी परत बघू. मी रस्त्याकडेच्या एका टपरीपाशी गाडी थांबवली होती, स्ट्रॉबेरीचा पहिला माल आलेला, माणूस कुणी नाही, कुलूप घातलेली पैशाची पेटी आणि "रविवारी विक्री नाही" अशी पाटी. आनंदात दोनच्या जागी चार खोकी घेतली, आणि शतावरी, आणि घरी बनवलेल्या रूट बियरची (दारू नव्हे, गोड पेय) बाटली, जी मला औषधासारखी लागते पण नवऱ्याला आवडते. सुटे नव्हते, वीसची नोट टाकली, दोन डॉलर जास्त गेले, जाऊ दे.

परतताना चढावर एका बग्गीच्या मागे सापडले. मागे केशरी त्रिकोण, आणि मागच्या काचेतून दोन पोरं माझ्याकडे टक लावून बघतायत. ताशी सातआठ मैल. रोज ऑफिसला जाताना असं झालं की मी स्टिअरिंगवर बोटं वाजवते. आज म्हटलं असू दे. पोरांनी हात हलवला, मी हलवला, मग वळण येईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो, त्यांना कंटाळा आला नाही.

संध्याकाळी भोक पाडलं, हुक बसवला, साखळी सोडली. बॅग आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाच्या दुधासारखा. नळीतली हवा काढायची. नवीन सुई. मावशीला टॉवेलवर घेतलं, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी होते, त्या तंबूच्या दारातून सुई आत, पलीकडून बाहेर येत नाही ना बघायचं, आणि क्लॅम्प सोडायचा. बॅगेवर आकडे असतात, १००० वरून ९०० वर आलं की बंद. सुई कडक प्लॅस्टिकच्या डब्यात, कचऱ्यात नाही. पाण्याचा फुगवटा पाठीवर उंटासारखा दिसतो, सकाळपर्यंत पुढच्या पायात उतरतो आणि मग हळूहळू जिरतो, पहिल्यांदा बघून मी क्लिनिकला रात्री फोन केला होता.

एरवी आठदहा मिनिटं लागायची. आज पाच. मावशी चुळबुळ करायच्या आत झालं.

नवरा सवयीने येऊन शेजारी उभा राहिला होता, एक हात अर्धा वर. बॅगेकडे बघितलं, साखळीकडे बघितलं, हात खाली घेतला. मग म्हणाला, बरं, मी कोंबड्यांचं दार लावून येतो.